बारा स्वार आणि एक शनिवार

दातांच्या कवळ्या करण्यात ज्याची बत्तीस वर्षं गेली, त्याला कुणाचं तोंड उघडं दिसलं की आत डोकावल्यावाचून राहवत नाही. मग ते तोंड मोहरीएवढं का असेना.

कवळीवाल्यांनी चार वर्षांत मध्ययुगातलं एक सैन्य रंगवत आणलं होतं. साठ भालाईत झाले, चाळीस तिरंदाज झाले. राहिले होते बारा घोडेस्वार. बोटाएवढे हे शिपाई टेबलावर मांडून, फासे टाकून ते मेहुण्याशी लढाई खेळत. मेहुण्याचा नियम एकच: रंगवलेला नसेल तो शिपाई मैदानात उतरणार नाही. गेल्या खेपेस त्यापायी स्वार डब्यातच राहिले, डावी बगल उघडी पडली आणि कवळीवाले चहा निवायच्या आत हरले. तेव्हापासून मेहुण्याच्या फोनची सुरुवात ठरलेली, "काय भावजी, स्वार उठले का झोपेतून?"

आता पुन्हा लढाई होती, रविवारी. मंगळवारी त्यांनी कपाटाच्या दारावर आराखडा चिकटवला. बुधवारी घोडे, गुरुवारी चिलखतं, शुक्रवारी ढाली, शनिवारी चेहरे; प्रत्येक वाराला वेगळा रंग.

"हा कागदच उतरवा मैदानात," बायको म्हणाली. "तेवढा पुरा रंगवून झालाय."

शुक्रवारपर्यंत सगळं ठरल्याबरहुकूम पार पडलं. शनिवारी सकाळी त्यांनी पहिला चेहरा घेतला. स्वार आरोळी ठोकत होता. त्याच्या तोंडात आधी हिरड्यांचा गुलाबी भरला, मग वरचे सहा दात. सुळे जरा पिवळसर, कारण खरे सुळे तसेच असतात. मान वर केली तेव्हा तीन तास उलटले होते आणि अकरा तोंडं आ वासून वाट पाहत होती.

"अहो, हे दात दिसणारेत कुणाला?"

"मला."

"बाकीच्यांना नुसती लाल रेघ ओढा."

"बोळकी ठेवू? मी?"

"मग झाका तोंडं!" असं म्हणून ती इस्त्रीकडे वळली.

हे वाक्य तिनं वैतागून टाकलं होतं. कवळीवाल्यांनी ते तज्ज्ञाचा सल्ला म्हणून उचललं. डब्याच्या तळाशी जादा मुंडकी पडून होती, तोंडावर पूर्ण झापड असलेल्या शिरस्त्राणांची. त्यांनी कामाची बारीक करवत काढली, हात न कापता अकरा शिरं उडवली, नवी चिकटवली आणि रुपेरी रंग दिला. संध्याकाळी बाराही स्वार खिडकीत वाळत होते.

रविवारी मेहुण्यानं घडीचं भिंग उघडून एकेक स्वार तपासला.

"अकरांची तोंडं बंद, आणि याचंच उघडं?"

"सेनापती आहे तो. हुकूम कोण देणार?"

"दात आहेत की हो याला!" मेहुणा आणखी वाकला. "ओळखीचे वाटतात."

"वाटणारच. तुझ्याच कवळीवरून घेतलेत."

मेहुण्यानं आधी तोंड मिटलं, मग भिंग.

"रंगवलेत ना सगळे?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"रंगवलेत," त्याला म्हणावंच लागलं.

"मग आज तू बगल सांभाळ," असं म्हणत त्यांनी फासे त्याच्या पुढ्यात सरकवले.