हिऱ्याचं ताट

पोळ्याच्या दिवशी मी बैलाचं जेवण खाल्लं. पुरणपोळ्या, कढी, वडे, सगळं. ताटात शीतसुद्धा ठेवलं नाही.

पुण्याहून आलेल्या माझ्या नातवंडांनी, वेदिका आणि अंकितनं, तान्ह्या पोळ्याचे चाकांवरचे लाकडी बैल तेवढे पाहिले होते. खरे दाखवावेत म्हणून त्यांना प्रताप नगरातल्या माझ्या घरून शहराच्या कडेला हुडकेश्वरला महादेवरावांकडे नेलं. हे आमचे जुने दूधवाले. दुधात पाणी असतं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “नुसतं दूध तुले पचते का?” आजूबाजूच्या सगळ्या शेतांचे प्लॉट पडले; यांची एक पट्टी कपाशी तेवढी उभी आहे. कारण? विकत घ्यायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तोंडावर चोर म्हटलं.

त्यांचा मोत्या बैल उन्हाळ्यात गेला. उरला हिऱ्या. एकट्या बैलानं त्यांचा कोळपणीचा डवरा ओढला जात नाही. उमरेड रोडवरच्या केशवचाही एकच बैल उरलेला. तिकडची समजूत अशी, की पोळ्याला तोरणाखाली जे दोन बैल शेजारी उभे राहिले, त्यांची वर्षभर जोडी. दोघांचं तसं ठरलं होतं. जोडी जमली तर हिऱ्या राहणार, नाहीतर बाजार.

आम्ही पोचलो तेव्हा गोठ्याच्या दाराशी पाट, भोवती रांगोळी, पुढे झाकलेलं ताट. मला वाटलं, पाहुणचार. बसलो.

महादेवराव हिऱ्याला सजवून आणत होते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आदल्या संध्याकाळी हिऱ्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळून, कानात “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” म्हणून त्याला रीतसर बोलावलं होतं. हा माणूस मला जन्मात कधी ‘या’ म्हणाला नाही.

“आजोबा, तुम्ही बैल आहात का?” वेदिकानं विचारलं.

“बैल विचारून खाते,” महादेवराव म्हणाले.

त्या घरचा बैल उपाशी तोरणाखाली जात नाही. मी म्हटलं, गाडीनं जाऊन दुकानातून पोळ्या आणतो. महादेवरावांच्या बायकोनं, बायजाबाईंनी, चूल पेटवली. नवऱ्यासारखं बोलायचं नसलं की त्या कामाला लागतात. त्यांनी पुन्हा डाळ शिजत घातली. केशवचा फोन आला, परत आला. महादेवराव दर वेळी निघालोच म्हणत होते आणि चुलीकडे बघत होते. डाळ काही शिजेना. हिऱ्या मात्र रिकामा पाट चाटत शांत उभा होता. अंकित त्याच्या पायांशी वाकून वाकून चाकं शोधत होता.

शेवटी हिऱ्या जेवला आणि आम्ही निघालो. पोळ्याच्या मैदानाजवळ पोचलो तर ढोल थांबलेले, तोरण तुटलेलं, पोळा संपलेला. केशवचा बैल दुसऱ्याच कोणाच्या बैलाशेजारी उभा. केशव आमच्याकडे न बघता म्हणाला की कमिटीनं घाई केली, एकटा बैल रांगेबाहेर काढत होते, त्यानं तरी किती थांबावं. तेवढ्यात माइकवाल्या पोराची नजर आमच्यावर गेली.

“नवरदेव आला पाहा, मांडव उठल्यावर.”

मैदान हसलं. माझी नातवंडंही हसली, नवरदेव शब्द त्यांना आवडतो. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. पोट भरलेलं होतं.

महादेवरावांनी तिथेच झूल उतरवून घडी घातली. एका शिंगाचा बेगड सोलून खिशात ठेवला, दुसऱ्याचा निघेना तो तसाच राहू दिला. मग कोणालातरी फोन करून, बाजाराला उद्या जनावरांची गाडी जाते का, ते विचारलं. एकट्या, उतरत्या वयाच्या बैलाला तिथे कोण घेतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

वेदिकानं हिऱ्याच्या नाकाला हात लावला. परत येऊ तेव्हा हा असेल ना, म्हणून ती मला विचारू लागली. मी तिला अंकितकडे पाठवलं, मग दबक्या आवाजात म्हटलं, “महादेवराव, पोरांना काय सांगू?”

त्यांनी कासरा हाताला गुंडाळला.

“सांग, ‘त्याचं ताट मी खाल्लं.’”