देवासाठी खिळा

साताऱ्याहून सांगलीला बदली झाली तेव्हा वडिलांनी एकच हट्ट धरला. घर घ्यायचं तर झाडांतलं. साताऱ्यात आम्ही आमच्याच माणसांच्या वस्तीत राहत होतो. भिंतीला भिंत लागलेली, कुणाच्या चुलीवर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक, आणि एका घरात भांडण झालं की समजूत घालायला चार घरं हजर. मला ते आवडायचं, वडिलांना नाही. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते, इस्त्रीचा सदरा घालत, आणि आता राहणंही त्या सदऱ्याला शोभेल असं हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

"झाडं काय बोलाय येत्यात व्हय?" आई म्हणायची.

"न्हाई येत, म्हणून तर," वडील म्हणायचे.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सहावीत होते. सांगलीहून मिरजेला जाणाऱ्या रस्त्याकडेला तेव्हा नवे प्लॉट पडत होते. बंगले मोजके, मधे मोकळं रान, कुंपणाला मेंदी, आत चिकू, पेरू, रामफळ. असल्याच एका बंगल्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्यानं द्यायचं आहे, असं वडिलांना ऑफिसात कळलं. मालक जैन, हळदीचे मोठे शेतकरी. आम्ही तिघंही बघायला गेलो.

फाटकाच्या आत पाय पडताच वडिलांची भाषा बदलली. घरी 'हाय' आणि 'न्हाई' बोलणारा माणूस 'आहे' आणि 'नाही' बोलायला लागला. गंमत अशी, की समोर मालक खुशाल 'लय बेस, लय बेस' करत सुपारी कातरत होते. त्या अंगणात पुस्तकातलं मराठी बोलणारा एकटा आमचा बापच. आईला वाटेतच ताकीद मिळाली होती, की तू तोंड उघडू नको. त्यामुळे ती चिकूच्या झाडाकडे बघत उभी राहिली, आणि मला तिचा नि वडिलांचा दोघांचाही राग आला.

मालकांनी माणसं किती विचारलं, गाव विचारलं. वडिलांनी माण तालुका सांगितल्यावर "तिकडं पाण्याचं लय हाल," असं म्हणून हळहळले. आडनावही विचारलं. पण आमचं आडनाव असं, की ते कुणाचंही असू शकतं. मग अटी सांगितल्या. मांस-मच्छी, अंडं घरात शिजवायचं नाही. आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गिलावा नवा आहे.

दोन्ही अटी वडिलांनी इतक्या आनंदानं कबूल केल्या, की मालकांनाच थोडं नवल वाटलं असावं.

परतताना वडील सायकल हातात धरून आमच्याबरोबर चालत होते आणि मधेच हसत होते. "जात इचारलीच न्हाई," ते म्हणाले.

आईनं तेव्हा तोंड उघडलं. "इचारली न्हाई म्हंजे त्यास्नी ठावं हाय, का ठावं न्हाई?"

हा प्रश्न आमच्या सामानाबरोबर त्या घरात राहायला आला, आणि आई काही केल्या त्याला बाहेर काढीना. भांडी घासता घासता थांबायची, फाटक वाजलं की दाराशी यायची. मालकीणबाई हसून बोलल्या की हिला वाटे, ठाऊक नाही म्हणून हसतात. एखाद्या दिवशी त्या बोलल्या नाहीत, की हिला वाटे, कळलं. मी शाळेतून आले की पहिला प्रश्न: "कुणी काय इचारलं?" मीही वैतागून गेले होते. एवढा ऐसपैस हिरवागार परिसर, आणि आम्ही तिघं त्यात मोकळा श्वास म्हणून घेत नव्हतो.

साताऱ्याच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. आईचं माहेर औंधाजवळचं. लहानपणापासून ती यमाईच्या पायऱ्या चढलेली, अंगात खंडोबा, मरीआई, सगळं मुरलेलं. छप्पन सालानंतर आमच्या माणसांनी दीक्षा घेतली तेव्हा तिनं घरातले देवांचे टाक स्वतः काढून ठेवले होते. कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःच्या मनानं. तेव्हापासून ती रोज सकाळी त्या तसबिरीपुढे उभी राहायची. सांगलीत ती तसबीर तिच्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत पडली होती.

"खिळा ठोकायचा नाही म्हणालेत ना," वडील सांगत. ती अट त्यांना देवानंच पाठवल्यासारखी झाली होती.

"सगळं देव सोडलं ते ह्याच्यासाठी," आई म्हणाली. "आन आता ह्यालाबी ट्रंकेत घालून ठिवू?"

वडील सायकलीला हवा भरायला बाहेर गेले. हवा सकाळीच भरलेली होती.

मालकीणबाई मात्र खरोखर चांगल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. नाहीतर त्यांना दूषण देऊन मोकळं होणं फार सोपं आहे. मागच्या आडावर त्या आणि आई शेजारी उभ्या राहून पाणी शेंदत. मालकीणबाई पाणी दुहेरी फडक्यातून गाळत, आणि फडक्यात राहिलेलं पाणी हळूच परत आडात सोडत. त्यात जीव असतो, तो जिथला तिथं गेला पाहिजे, असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची इतकी काळजी करणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. दिवस मावळायच्या आत त्यांच्या घरी जेवणं उरकत. आईला त्या वैनी म्हणत, आई त्यांना आक्का.

एका दुपारी आई ट्रंकेतले कपडे उन्हात घालत होती. लुगडं अर्धवट सुटलं होतं आणि तसबिरीतला चेहरा तेवढा वर दिसत होता. मिटत आलेले डोळे, लांब कान, डोक्यावर कुरळे केस. तेवढ्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन मालकीणबाई दारात आल्या. त्यांची नजर ट्रंकेत गेली. वाटी त्यांनी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"अगंबाई! महावीर भगवान!"

आईचा हात लुगड्याकडे गेला.

"आवं वैनी, मग आदी बोलायचं न्हाई व्हय? तुमी आमच्यातलंच! मला वाटलंच हुतं. तुमचं मालक किती शांत बोलत्यात! आन भगवंताला असं ट्रंकेत का वो ठिवलंय?"

"तुमच्या मालकांनी खिळा ठोकू नका म्हणून सांगितलंय," आई कशीबशी बोलली.

"देवाला खिळा नको कोण म्हणतंय?" मालकीणबाईंनी तिथूनच गड्याला हाक मारली. आम्ही काही म्हणेपर्यंत गडी हातोडी घेऊन आला आणि त्या नव्या कोऱ्या गिलाव्यात भला मोठा खिळा ठोकून गेला.

संध्याकाळी वडील आले, आणि चपला काढायच्या आधी त्यांना खिळा दिसला. सगळं ऐकल्यावर ते घाबरले, मग खूष झाले, मग पुन्हा घाबरले. "आपण नाही म्हटलं महावीर. त्यांनी म्हटलं," असं त्यांनी दोन-तीनदा बोलून पाहिलं.

"आन पुरती तसबीर दिसल्यावर? चीवर दिसंल की, अंगावरचं कापड," आई म्हणाली. "त्यांचा देव तर उघडा."

वडिलांनी विचार केला. "मोठा हार घालू," ते म्हणाले. "झेंडूचा. गळ्यापासून खाली."

आईनं हातातली उलथणी अशी आपटली, की पुढच्या दारी मालकांचं कुत्रं भुंकलं. मला हसू आलं आणि त्याबद्दल एक धपाटा बसला. पण खरं सांगते, त्या हाराची कल्पना मला तेव्हा वाईट वाटली नव्हती.

मग सुरू झाले रिकाम्या खिळ्याचे दिवस. मालकीणबाई रोज आडावर विचारत, "लावला का वो फोटू?" आई म्हणे, "लावते की." एकदा तर म्हणाली, आज दिवस चांगला नाही. मुहूर्त-बिहूर्त न मानणाऱ्या माझ्या आईच्या तोंडून ते ऐकून मला तिची कीव आली. इकडे माझी मात्र चैन. मालकीणबाई मला पायरीवर बसवून केसांना तेल लावू लागल्या. दिवस मावळायच्या आत आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या मुलींच्या पंगतीला मला बसवू लागल्या. त्या पंगतीत मी पोटभर जेवायची, आणि घरी आले की आईच्या तोंडाकडे बघवत नसे.

एक दिवस मालकीणबाई म्हणाल्या, "वैनी, उद्या सकाळी हिला आमच्यासंगं बस्तीला पाठवा. दर्शन हुईल." आपल्या देवळाला ते लोक बस्ती म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आईनं तसबीर बाहेर काढली, पदरानं पुसली आणि खिळ्याला लावली. हार नाही, काही नाही. वडील दाढी करायचे थांबले. "अगं, थोडं थांब," ते म्हणाले. आई दारात जाऊन उभी राहिली आणि तिनं हाक मारली.

"आक्का, पोरीला न्यायच्या आदी जरा बगून घ्या."

मालकीणबाई बस्तीला जायच्या तयारीत, धूतवस्त्र नेसून आल्या. आत पाऊल टाकतानाच त्यांचे हात जुळले होते. मग त्या नीट बघू लागल्या. दिगंबर भगवंताला रोज पाहणारी बाई ती.

"ह्याच्या अंगावर कापड हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय. हा महावीर न्हवं. आमचा बुद्ध हाय."

"म्हंजे तुमी..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना.

"व्हय," आई म्हणाली. "तेच आमी."

मालकीणबाईंचे हात अजून तसेच होते. त्यांचं त्यांनाच ध्यानात आलं आणि त्यांनी ते खाली घेतले. "मग आदी का न्हाई सांगितलं?"

"तुमी आदी का न्हाई इचारलं?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, वडिलांची तरी खात्री पटली असती. दाराबाहेर पडताना त्या वळल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वैनी, उद्यापासनं तुमी आडावर येऊ नगा. उगं कशाला तरास? गडी पाणी शेंदून दिल." मला घेऊन जायची गोष्ट त्यांनी काढली नाही.

त्या गेल्यावर वडिलांनी सुस्कारा सोडला. "बघ. घर सोडा म्हणाल्या नाहीत. उलट पाण्याची सोय करून दिली. तू उगीच घाबरत होतीस."

माणूस इतका शिकलेला, रोज कचेरीत कागद वाचणारा, आणि त्याला एवढं सरळ बोलणं कळू नये, याचं आईला रडू आलं. मला तोवर कळलं होतं. गेले कित्येक दिवस मी त्यांच्या पंगतीला बसत होते, आता मला कुणी बोलावणार नाही, हे मला आधी कळलं आणि आडाचं त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी गडी यायच्या आत आई आडावर गेली. आमच्या घागरी भरल्या. तेवढ्यावर ती थांबली नाही. आडाशेजारी मालकांचा दगडी हौद होता, घरच्या वापराचं पाणी त्यात भरलेलं असे. पोहऱ्यामागून पोहरा शेंदत आईनं तो हौद काठोकाठ भरला. मालकीणबाई मागच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. आई दोन घागरी घेऊन त्यांच्यासमोरून घरात आली.

वडील खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करत होते. खिडकीतून त्यांना आड दिसत होता. थोड्या वेळानं गडी आला, मालकीणबाईंनी त्याला हळूच काहीतरी सांगितलं. त्यानं बादलीनं हौद उपसायला घेतला. एक बादली चिकूला, एक पेरूला, एक रामफळाला, मग गुलाबांना, मग मेंदीला. सगळा हौद रिकामा केला, चिंचेनं आतून घासला, आणि आडाचं ताजं पाणी काढून पुन्हा भरला.

वडील अर्ध्या तोंडाला साबण लावून तसेच उभे होते. साबण वाळून गेला.

"झाडांस्नी चालतंय," ते म्हणाले. त्या घरात, दिवसाउजेडी, खिडकी उघडी असताना ते पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोलले होते.

मग तोंड धुऊन, सदरा घालून ते बाहेर पडले. रविवार होता. परतले ते दिवेलागणीला, घामेजलेले, सदऱ्याची इस्त्री पार मोडलेली. चेहरा मात्र असा, की पगारवाढीची बातमी आणली असावी. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"दोन घरं बगितली," ते म्हणाले. "फाटकातच सांगितलं, आमी बौद्ध हाय, आता काय बोलायचं ते बोला."

"मग?"

"दोगांनीबी न्हाई म्हटलं. तोंडावर."

"तोंडावर?" आईनं विचारलं.

"व्हय. तोंडावर."

"मग बरं झालं," आई म्हणाली. "जेवून घ्या. फुडच्या रविवारी मीबी येते."