सुलोच्या बंदुकीचा गंज

वाइनो कांगास माझा शेजारी, बंदुकांवर मुद्दाम गंज चढवून त्याचा काळा रंग करून देणारा कारागीर. आमच्या मिशिगनच्या या थंड टोकाला फिनिश माणसाच्या परसात साउना असतेच, वाफेनं अंघोळ करायला. वाइनोच्या साउनेत बायको अंघोळीला गेली, की डोक्याशी बंदुकीची नळी टांगलेली.

"गंजाला ऊब आणि ओल लागते," हा म्हणायचा.

"आणि मला?" ती करवादायची.

दोन वर्षांमागे हरणांच्या हंगामात वाइनोनं झुडपात काहीतरी हललेलं पाहून गोळी झाडली. मेला त्याचा धाकटा भाऊ सुलो. कोर्टानं अपघात म्हटलं. सुलोच्या बायकोनं, इर्यानं, काहीच म्हटलं नाही. ती त्याच्याशी बोलायचीच थांबली.

गेल्या मार्चात पोलिसांनी सुलोची बंदूक तिला परत दिली. दलदलीत पडून पार गंजलेली. इर्यानं ती माझ्या हाती वाइनोकडे पाठवली. "नीट करून दे म्हणावं."

वाइनोच्या डोळ्यांत पाणी आलं. "अबोला असलेल्या घरी आपल्यात कुणी बंदूक धाडतं का? तिनं मला माफ केलं रे!"

"उतावळा होऊ नकोस," मी म्हटलं. ऐकेल तर तो वाइनो कसला!

जुना गंज घासून त्यानं नळी लख्ख केली. मग उघडं बोट लागू दिलं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथं रंग धरत नाही. तेजाब फासायचा, वाफेत टांगायची, तांबूस गंज चढला की वितळलेल्या बर्फाच्या स्वच्छ पाण्यात उकळायची. गंज काळा पडतो, वरचा सुटा थर बारीक तारेच्या घासणीनं काढायचा, खालचा रंग टिकतो. आणि पुन्हा पहिल्यापासून. असं आठ वेळा. त्या दिवसांत तो जेवणही विसरायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही.

इर्या आली. वाइनोनं कॉफी आणि वेलदोड्याचा पाव मांडून ठेवला होता. ती बसली नाही. बंदूक निळसर काळी, नव्यासारखी झाली होती.

"इथं जरा राहिलंय," वाइनो अजिजीनं म्हणाला. "घोड्याखाली. फिकी रेघ आहे. दोन दिवस दे, काढतो."

इर्यानं बंदूक खिडकीशी नेली. "मला तर काही दिसत नाही."

"आहे गं. केसाएवढी."

"केसाएवढी रेघ दिसते तुला," ती म्हणाली. "आणि केशरी जाकीट घातलेला सख्खा भाऊ दिसला नाही?"

बंदूक घेऊन ती गेली. वाइनो हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला.