मोराची फळी

जुन्या ट्रकच्या फळ्यांची टेबलं-बाकडी करायचा माझा धंदा आहे, मूल गावात. जंगलाशेजारच्या मोहर्लीच्या रिसॉर्टवाल्यांना असलं लाकूड लय आवडतं. ज्या फळीवर वर्षानुवर्षं धानाची पोती आदळली, तिच्यावर बसून पाहुणे चहा पितात आणि फोटो काढतात. काढोत बापडे! लाकूड मात्र खरंच चांगलं असतं, ऊन-पाणी खाऊन पक्कं झालेलं सागवान.

एकदा गडचिरोलीच्या भंगारवाल्याकडे एक ट्रक मोडायला आला. मालकच ड्रायव्हर, साठीचा माणूस. त्यानं सगळ्या फळ्या मला दिल्या, पण मागच्या फाळक्याची, म्हणजे मागच्या दाराची, एक फळी स्वतःसाठी ठेवली. तिच्यावर ट्रकचा नंबर होता आणि नंबराच्या चहूबाजूंनी त्याच्या पोरीनं लहानपणी रंगवलेला मोर. मोर कसला, कोंबडीच होती ती! आई गेल्यावर ती पोर बापासोबत ट्रकमध्येच वाढली. आता चार दिवसांवर तिचं लग्न होतं.

"या फळीचा पाट करून द्या, भाऊ," तो म्हणाला. "लग्नात याच्यावरच बसवीन, असा शब्द देल्ला हाये तिले."

"देतो ना. मोराले हातबी नाई लावत."

नाहीच लावला. बाकीच्या फळ्यांना मात्र तिथंच रंधा मारत बसलो. भंगारवाले सागवान म्हणून काहीही गळ्यात मारतात, म्हणून कोपरा तासून पाहायची माझी सवय. त्या दिवशी आतली रेघ इतकी सुरेख निघाली की हात थांबेचना. दुपारपर्यंत सगळ्या फळ्या पिवळ्याधमक, नव्यासारख्या. खुशीत पिकअपमध्ये भरल्या. पाट आजच करून घेतो म्हणून ड्रायव्हरभाऊही सोबत आले.

वाटेत वनखात्याच्या नाक्यावर गार्डनं गाडी अडवली.

"ताजं सागवान दिसून राह्यलं. टीपी कुठी हाये?"

टीपी म्हणजे लाकूड नेण्याचा परवाना. इतकी वर्षं फळ्यांवरचा जुना रंग पाहूनच नाकेवाले मला सोडत, आणि तो रंग मीच अतिशहाण्यासारखा तासून टाकला होता.

"ट्रकच्या फळ्या हायेत, साहेब. बोल्टाची भोकं पाहा ना."

"भोकं कोनीबी पाडते."

मग भाऊंनी मोराची फळी काढली आणि ट्रकचे कागद दाखवले. नंबर जुळला. गार्ड जरा नरमला. "ठीक हाये, सोडतो. पन ही फळी इथी जमा राहीन. उद्या वरून विचारलं तर मी काय दाखवू?"

"फोटो काढून घ्या ना, साहेब."

"फोटोनं नाई भागत. फळी ठेवा, नाई तं सगळा माल उतरवा."

उतरवतो म्हणायचं होतं मला. एवढा एकच शब्द. चूक माझी, माल माझा. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फळ्यांकडे पाहत होतो. रिसॉर्टच्या आठ टेबलांचं लाकूड होतं ते. मग त्यांनी स्वतःच ती फळी उचलून नाक्याच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि गाडीत येऊन बसले. मी गाडी मूलकडे काढली. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि माल सुटल्याचं बरंही वाटत होतं. दोन्ही खरं.

पाट मी त्यातल्या सगळ्यात चांगल्या फळीचा केला. जीव ओतून केला, दोनदा पॉलिश मारलं. लग्नाच्या दिवशी स्वतः नेऊन मांडला. नवरी आली आणि पाटाकडे पाहून थांबली.

"तुझी फळी नाक्यावर राह्यली, बाई," मी म्हणालो. "त्याचं काय झालं की..."

"सांगतलं बाबानं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमचा माल लय होता म्हने, काकाजी."

आणि शालू सावरून पाटावर बसली.