बयाबाईच्या टरक्या

पलटणीच्या भटारखान्यातली नोकरी संपवून केरबा कायमचा घरी आला, तेव्हा आटपाडीच्या स्टँडवर एसटीतून आधी त्याची ट्रंक उतरली, मग वळकटी, आणि सगळ्यात शेवटी, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला एक वेताचा हारा. हाऱ्यावर धोतर बांधलेलं होतं आणि आतून चिवचिवाट चालला होता. न्यायला आलेल्या त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, धोतराचं टोक उचललं, आत डोकावली आणि दोन पावलं मागं सरली.

"आवं, ही गिधाडाची पिल्लं कुठनं धरून आनलीसा?"

"गिधाडं न्हाईत गं. टरकी म्हनत्यात. सायबलोकांच्या नाताळाला लागतोय ह्यो पक्षी. इतकी वर्सं रांधला, आता पाळायचा."

"टरकी? कुनाला टरकत्यात म्हनं ही?"

"कुनाला न्हाई. नाव हाय त्येंचं."

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात बयाबाईची मेंढरं निम्म्याहून जास्त गेली होती, आणि उरलेली दीर हिंडवत होता. पोरपणापासून मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेली ही बाई आता घरी बसून असे आणि तिचे पाय शिवशिवत. नवरा येणार म्हणून ती खुशीत होती. गिधाडं येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

केरबानं कारभार पलटणीच्या शिस्तीनं सुरू केला. घरामागं पत्र्याचं लांबट खोपट उठवलं, शेजारीच कोंबड्यांची खुराडी ठेवली आणि पिल्लांना आत कोंडलं. सांगलीचा एक औषधविक्या त्याला पिवळी पावडर देऊन गेला होता. ती रोज पाण्यात कालवायची.

"आजारी न्हाईत तर दवा कशाला?" बयाबाईनं विचारलं.

"दुश्मन हद्दीत यायच्या आदीच गोळीबार करायचा," केरबा म्हणाला.

गोळीबार चालू राहिला, पण पिल्लं काही खुलली नाहीत. जसजशी वाढली तसतसं खोपट अपुरं पडू लागलं. खाली ओल, वर तापलेला पत्रा, आणि दिवसभर दुसरा उद्योग नाही म्हणून ती एकमेकांच्या पाठीची पिसं उपटत. मग काही पिल्लं मान पाडून बसू लागली, त्यांना हगवण लागली आणि पावडर पीत पीतच एकेक करून मेली. केरबा त्यांना पुरून यायचा आणि चुलीपुढं बसायचा. जेवण नको म्हणायचा. पलटणीतला आचारी जेवण नको म्हणतो म्हणजे प्रकरण गंभीर, हे ओळखून बयाबाईनंच जनावरांच्या डॉक्टरला निरोप धाडला.

लालासाहेब डॉक्टर सायकलवरून आले. तरुण माणूस, कऱ्हाडजवळच्या मलकापूरचा, बागायती मुलखातला. खोपटात वाकून बघत म्हणाले, "मावशी, खरं सांगतो, हा पक्षी मी फक्त पुस्तकात पाहिलाय. जरा अभ्यास करून येतो."

पुढच्या आठवड्यात ते खरंच आपल्या जुन्या मास्तरांना विचारून आले. हा रोग कोंबड्यांकडून येतो, कोंबड्यांना तो बाधत नाही पण टर्कीला मारतो, हे त्यांनी समजावलं. "आधी कोंबड्या लांब न्या. जमीन कोरडी पाहिजे, जागा ऐसपैस पाहिजे. आणि ही पावडर बंद करा. हे अँटिबायोटिक आहे. रोज थोडं थोडं दिलं की जंतूच निर्ढावतात. मग खरी गरज पडते तेव्हा औषधाला जुमानत नाहीत."

बयाबाई मघापासून डोंगराच्या बाजूला बघत होती. "डॉक्टर, मेंढरावानी हिंडवू का मी ह्यास्नी?"

डॉक्टरांनी डोकं खाजवलं. "हिंडवा की! फक्त पावसात भिजू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाबाईनं फडक्यात भाकरी बांधली, काठी घेतली आणि खोपटाचं दार उघडलं. उरलेले पक्षी उंबऱ्याशी थबकले. उन्हाकडं त्यांनी आधी एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्यानं. तिनं सवयीनं मेंढरांना घालतात तशी हाळी घातली, "हर्रर्र!" आणि काय नवल, मिसरूड फुटावं तसे तुरे फुटलेले सगळे नर एका दमात ओरडले, "गुळगुळगुळगुळ!"

बयाबाई दचकली. मग तिनं पुन्हा हाळी घातली. पुन्हा उत्तर आलं. चार-पाच वेळा झाल्यावर ती खाली बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. जन्मभर मेंढरांना हाका मारल्या, पण उलटून बोललेलं जनावर तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

माळावर पक्षी बदलून गेले. नाकतोड्यांमागं धावायला लागले, भुसभुशीत मातीत खड्डे करून धूळ अंगावर उडवून घ्यायला लागले. संध्याकाळी मात्र घरी येईनात, बाभळीवर चढून बसत. त्यांना उंचावर बसून झोपायला लागतं हे कळल्यावर केरबानं जुन्या गाडीच्या दांड्या आडव्या टाकून त्यांना बसायला मांडव करून दिला. मेंढरं कोंडायची जाळी, जिला वाघर म्हणतात, ती बयाबाईनं भोवती लावली आणि दर थोड्या दिवसांनी मांडवासकट सगळा तळ कोऱ्या जमिनीवर हलवू लागली. पिसं उपटणं थांबलं. पाठी भरून आल्या.

गावाला करमणूक झाली. एकदा एक पुढारी पारावर भाषणाला उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला की माळावरून गुळगुळ व्हायची. पहिल्यांदा त्यांना वाटलं, लोक दाद देताहेत, म्हणून त्यांनी आवाज आणखी चढवला.

पण गावातल्या आकारामच्या तुरीला अळी लागली आणि हसणं थांबलं. त्यानं येऊन विचारलं, "वैनी, तुजी पलटन माज्या रानात येती का?" बयाबाई कळप घेऊन गेली. आकाराम एकेक झाड हलवायचा, अळ्या टपाटप पडायच्या आणि टरक्या त्या जेवणावळीला बसल्यासारख्या टिपायच्या. त्यानंतर शेतकरी जसे खतासाठी मेंढरं रानात बसवायला बोलावतात, तसे टरक्यांना बोलावू लागले.

कळपातल्या सगळ्यात थोराड नराला केरबा सुभेदार म्हणायचा, कारण तो छाती काढून शेपूट उभारून चालायचा. एका थंडीत त्याच सुभेदाराचं तोंड सुजलं आणि श्वास घरघरायला लागला. डॉक्टर म्हणाले, याला औषध द्यावं लागेल. बयाबाई अडून बसली.

"माज्या कळपाला दवा न्हाई म्हंजी न्हाई. हळद देते, शेक देते."

दोन दिवस तिनं हळद दिली. सुभेदाराला मान उचलवेना. तेव्हा आयुष्यात कधी बायकोवर न ओरडलेला केरबा ओरडला, "मला ताप आला तवा गोळी दिलीस का न्हाई? का मलाबी हळदीवर ठेवली व्हतीस? रोज पाजायचं बंद केलं ते येगळं, आन् मरणाऱ्याला न पाजायचं येगळं!"

बयाबाई उठली. तिनं सुभेदाराला चुलीमागच्या उबेत आणलं, मांडीवर घेतलं आणि चोच उघडून धरली. औषध केरबानं आत सोडलं. सगळं दुखणं सरेपर्यंत सुभेदार इतरांपासून वेगळा राहिला, आणि अंगातलं औषध निघून जाईस्तोवर विकायचा नाही म्हणून तिनं त्याच्या पायात लाल चिंधी बांधली. तो बरा झाला. नंतर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "वरडता येतंय की तुमास्नी."

नाताळाआधी मिरजेचा एक हॉटेलवाला मोटार घेऊन माळावर आला. पक्षी बघून नाक मुरडलं. "महिनाभर पिंजऱ्यात घाला आणि पावडर द्या. टम्म फुगतील. मग नेतो."

"फुगलेलं पायजेल तर जत्रंतनं फुगे न्या," बयाबाई म्हणाली.

हॉटेलवाला तणतणत मोटारीकडं वळला, पण सुभेदार तिथं आधीच पोचला होता. चाकाच्या चकचकीत टोपीत त्याला दुसराच एक छातीदार नर दिसत होता. तो टोपीवर तुटून पडला. एका चाकातला शत्रू हटला नाही म्हणून दुसऱ्या चाकाकडं गेला, तर तिथंही तोच! मोटारीच्या दाराशी जाणाऱ्या हॉटेलवाल्यालाही त्यानं शत्रूच्या बाजूचा समजून मागं रेटलं. शेवटी बिचारा दगडावर टेकला. केरबानं त्याला आपल्या हातचं रांधलेलं ताटात वाढलं. पहिल्या घासाला त्यानं ताट जवळ ओढलं. दुसऱ्या घासाला म्हणाला, "हे याच कळपातलं?"

त्यानं त्या वर्षी पक्षी आहेत तसेच नेले. पाय बांधून उलटं टांगून न्यायचं नाही, ही बयाबाईची अट होती. म्हणून मोटारीच्या मागच्या सीटवर हारे ठेवून, खाली गवत अंथरून नेले. पुढं दरवर्षी तो आपण होऊन यायचा, चाकांना गोणपाट बांधून.

अठ्ठ्याहत्तरपर्यंत आजूबाजूच्या वस्त्यांवरून पिल्लांना मागणी येऊ लागली. जतहून बिराप्पा नावाचा मेंढपाळ आला. त्याला मराठी बेताचं येत होतं. बयाबाईनं त्याला लगेच पिल्लं दिली नाहीत. केरबाला घेऊन ती एसटीनं जतला गेली, त्याचं रान पाहिलं, कोंबड्या कुठं फिरतात ते विचारलं, मांडवाचं तोंड वाऱ्याकडं होतं ते फिरवायला लावलं, आणि बिराप्पाच्या बायकोनं वाढलेली भाकरी खाऊन मगच हो म्हणाली.

ठरल्या दिवशी स्टँडवर तिनं हारा बिराप्पाच्या हवाली केला. तो हाऱ्यात तोंड घालून पिल्लांशी कानडीत लाडानं बोलू लागला. बस सुटली तरी बयाबाई उभीच.

"आवं," ती म्हणाली, "त्येंला कानडी समजंल का?"

"तुज्याच पदराखाली वाढल्यात न्हवं?" केरबा म्हणाला. "चार दिसांत उलटून बोलत्याल."