डावीकडून उजवीकडे

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या प्रयोगशाळेत मी लोखंडाचे अतिसूक्ष्म कण बनवते. नॅनो म्हणतात ते. शरीराची झीज भरून काढू शकणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, हे कण गिळतात आणि मग एमआरआयमध्ये काळ्या ठिपक्यासारख्या दिसतात. जिवंत शरीरात त्या कुठे गेल्या हे न कापता कळतं. निदान कळायला हवं होतं. आमचे कण एकमेकांना चिकटून गोळे व्हायचे आणि ते गिळून पेशी मरायच्या.

त्याच सुमारास केळव्याला बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा पडला, सुपारीच्या वाडीतलं काम सुटलं. रविवारी मी घरी गेले की ते माझ्या प्रयोगाचं विचारत. मी सांगितलं होतं, उंदराच्या मेंदूला उजवीकडे इजा आहे, पेशी आम्ही डावीकडे सोडतो आणि त्या इजेपर्यंत जातात का ते बघतो.

कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर दिलेलं साखरेचं वेष्टण मी कितीदा बदललं, आता आठवतही नाही. शेवटी एक पातळ वेष्टण जमलं. पेशी जगल्या, वाढल्याही. मग त्या उंदराच्या मेंदूत सोडल्या. पहिल्या स्कॅनमध्ये काळा ठिपका सोडला तिथेच, डावीकडे होता. काही आठवड्यांनी आमच्या मॅडमनी मला पडद्यासमोर बसवलं. एक बारीक काळी रेघ मेंदूच्या मधून पलीकडे गेली होती आणि इजेच्या कडेला दाट झाली होती.

मला आधी शंकाच आली. कण सुटे होऊन वाहत गेले असतील तर? मॅडमनी दुसऱ्या उंदराचं चित्र उघडलं. त्याला तेच कण असलेल्या, पण मेलेल्या पेशी दिल्या होत्या. तो ठिपका जागचा हलला नव्हता.

“तुझ्या पेशी स्वतःहून गेल्यात,” मॅडम म्हणाल्या.

मी तिथेच रडले, आणि मग सगळ्यांसाठी वडापाव मागवले.

रविवारी बाबांना मोबाइलवर चित्र दाखवलं. हे अजून उंदरांतच आहे, माणसांपर्यंत यायला वर्षं जातील, तुमच्या हातासाठी नाही, हेही स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली. उजव्या हाताने मोबाइल घेतला, पाय ओढत कुंपणापर्यंत गेले आणि शेजारच्या काकांना हाक मारली.

“ही बग रेघ. इतून निगाल्या नी जकमेपरत गेल्या,” बाबा सांगत होते. “माज्या पोरीचं काम हाय.”