थंड तवा

माझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, हे माझ्या मोठ्या भावाने एका तव्यावरून ठरवलं. डॉक्टर नाही, तपासणी नाही, समोर बसून दोन शब्द विचारणं नाही. रविवारी सकाळी स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आला, शेगडीवर तवा पाहिला, तव्यात मांडलेल्या बेकनच्या पट्ट्या पाहिल्या, खाली गॅस बंद पाहिला आणि निकाल लावून मोकळा झाला. बाबा तेवढ्यात कांदे आणायला खाली गेले होते. ते जिना चढून वर येईपर्यंत याने मला फोनही लावला होता.

"बाबा गॅस पेटवायला विसरले," दादा म्हणाला. "कच्चं मांस तव्यात टाकलं आणि घराबाहेर निघून गेले. उद्या याच्या उलट झालं तर? गॅस चालू आणि हे बाहेर?"

मी लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. त्या वेळी माझ्या मांडीवर कोणाची तरी पॅन्ट आणि तोंडात दोन टाचण्या होत्या. त्या काढल्या आणि म्हणाले, "दादा, ते विसरले नाहीत. ते असंच करतात."

"म्हणजे नेहमीच विसरतात?"

मी फोन ठेवला आणि टाचण्या परत तोंडात धरल्या.

बाबांनी चौतीस वर्षं बेकनच्या कारखान्यात काढली. डुकराच्या पोटाचं मांस मिठात मुरवायचं, धुरीखान्यात टांगायचं आणि मग गार करून त्याच्या पातळ पट्ट्या कापायच्या, एवढाच तिथला उद्योग. बाबा कापायच्या यंत्रावर होते. ती खोली इतकी गार, की भर उन्हाळ्यातही अंगात लोकरी बनियन आणि डोक्याला कानटोपी. पट्टी केसभर जाड झाली तरी त्यांच्या बोटांना कळायचं, म्हणून तिथे सगळे त्यांना पट्टीमास्तर म्हणायचे. घरी आले की आई त्यांचा कोट बाल्कनीत टांगायची, कारण धुराच्या त्या वासाने शेजारचं मांजर येऊन दारात ठाण मांडायचं.

कापून उरलेले वेडेवाकडे तुकडे कामगारांना मिळायचे. त्यांवर आम्ही दोघं भावंडं वाढलो. रविवारचा स्वयंपाक बाबांकडे असायचा आणि त्यांची रीत धुरीखान्यातल्या एका जुन्या मुकादमाने शिकवलेली. पट्ट्या थंड तव्यात मांडायच्या, गॅस लावायचा नाही. तशाच वीस मिनिटं ठेवायच्या, फ्रीजचा गारठा जाईपर्यंत. तोवर भाजी चिरायची, कांदे संपले असले तर घेऊन यायचे. मग अगदी मंद आच. अशाने चरबी सावकाश सुटते आणि पट्टी सपाट राहून कुरकुरीत होते. तापल्या तव्यात टाकली तर आक्रसते, बाहेरून करपते, आतून चिवट राहते. हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे. दादालाही माहीत असायला हवं होतं, पण हा पठ्ठ्या ताट समोर आल्यावरच टेबलाशी यायचा. लग्न होऊन वेगळा होईपर्यंत त्या तव्यातलं खाल्लं, आणि तवा शेगडीवर कसा चढतो हे एकदाही पाहिलं नाही!

पुढे आईला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पाव, बटाटे, गोडधोड सगळं आवरायला सांगितलं. आईचा सगळा जीव पावात. पहिल्याच आठवड्यात ती भाजीच्या ताटासमोर बसून लहान मुलीसारखी रडली. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी घरात पाव आणणंच बंद केलं, स्वतःसाठीसुद्धा. मी विचारलं तर म्हणाले, "तिच्यासमोर बसून पाव खाऊ? माझ्या घशाखाली उतरेल का?"

पण पाव नसला तरी पोट मात्र तुडुंब भरलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कोबीचे जाडजूड काप करायचे आणि बेकनच्या चरबीत दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत भाजायचे. खिम्याच्या गोळ्यांना पट्ट्या गुंडाळून ते ओव्हनमध्ये ठेवायचे. कांदा आणि मशरूम परतून त्यात चमच्याने खड्डे करायचे आणि त्यांत अंडी फोडायची. वरून मीठ घालायचं नाही, कारण बेकनमध्ये ते असतंच. उरलेली चरबी गाळून, कान तुटलेल्या एका कपात भरून फ्रीजमध्ये ठेवायची. आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. शेवटी गेली ती न्यूमोनियाने, पण जेवणावरून पुन्हा कधी रडली नाही. ती जाऊन दोन वर्षं झाली, तरी बाबा तसंच शिजवतात आणि तसंच खातात. पाव त्या घरात परत आला नाही.

या जेवणाला नाव असतं हे मला वहिनींकडून कळलं. त्याला पॅलिओ म्हणतात. शेती सुरू व्हायच्या आधी माणूस जे खायचा तेच खायचं. मांस, अंडी, भाज्या, फळं. धान्य नाही, साखर नाही, दूध नाही. वहिनींनी रीतसर फी भरून त्याचा ऑनलाइन वर्ग लावला होता. रोज दुपारी घरच्या ग्रुपवर त्यांच्या ताटाचा फोटो यायचा. एके दिवशी काळ्याभोर दगडी ताटात कोबीचा एक काप आणि त्यावर बेकनच्या दोन पट्ट्या आल्या. मी लिहिलं, "वहिनी, हे तर बाबा रोज करतात." त्यावर त्यांनी एक अंगठा पाठवला.

आणि त्याच घरात, त्याच फोनच्या शेजारी बसून दादा बाबांच्या वेडाची यादी करत होता! ती त्याने मला वाचून दाखवली. घरात पाव नसतो, म्हणजे आणायचं सुचत नाही. चरबी चहाच्या कपात ठेवतात, म्हणजे कशात काय ठेवायचं ते कळत नाही. तवा साबणाने धुवत नाहीत, नुसता पुसून ठेवतात. एकटेच तव्यापाशी उभे राहून वास घेतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोने पाव सोडला तर ती शिस्त, आणि बापाने सोडला तर तो विसर? तिने चरबी झाकणाच्या बरणीत ठेवली की आरोग्य, आणि बाबांनी कपात ठेवली की भ्रम? मी हे सगळं त्याला तोंडावर सुनावलं. तो म्हणाला, "तू भावनेच्या भरात बोलतेस. जबाबदारी माझ्यावर आहे."

जबाबदारी म्हणजे काय, तर याने एका वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली होती. खोली चांगली आहे, म्हणाला. पलंग, खुर्ची, मोठी खिडकी, चार वेळचं आयतं खाणं. खोलीत शेगडी मात्र ठेवता येत नाही. पुढच्या रविवारी तिथल्या बाई घरी येऊन बाबांना बघणार होत्या. त्यांच्याकडे एक फॉर्म असतो. माणूस एकटा राहू शकतो का, स्वतःचं शिजवून खाऊ शकतो का, हे त्यावरून ठरतं. बाबांची शेगडी काढून घेतली की बाबांचं काय उरतं, हा प्रश्न त्या फॉर्मवर नसावा.

मी बाबांकडे गेले. म्हटलं, "तुम्ही त्याला स्पष्ट सांगत का नाही?"

"त्याला काय सांगायचं? त्याच तव्यातलं खाऊन एवढा वाढलाय." ते टेबल पुसत होते. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होते. मग म्हणाले, "माणसाचं डोकं चालेनासं झालं तर त्याचं त्याला कळतं का गं?"

"तुम्हाला काही झालेलं नाही."

"तो एवढा शिकलेला. उगाच कशाला म्हणेल?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी दादावर दात-ओठ खाण्यात इतकी गुंग होते, की बाबा काय बोलले ते नीट ऐकलंच नाही. ही चूक माझी, ती मी कोणावर ढकलत नाही.

रविवारी फॉर्मवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, शांत, पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणाऱ्या. दादा आणि वहिनी आधीच येऊन बसले होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी करताना गालावर कापून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही रोज करता तसंच करा. मी नुसती बसते इथे."

बाबा शेगडीपाशी गेले. तवा ठेवला. आणि गॅस पेटवला, तोही मोठा.

"गॅस लावला," ते मोठ्याने म्हणाले आणि मान वळवून दादाकडे पाहिलं.

मला वाटलं, आधी आणखी काहीतरी करायचं असेल. पण ते तसेच उभे राहिले. तवा तापून त्यातून धूर यायला लागला, तेव्हा त्यांनी फ्रीज उघडून पट्ट्या काढल्या आणि थेट त्यात टाकल्या. एकदम चरचर झाली. चरबी उडून त्यांच्या मनगटावर आली. पट्ट्या वेड्यावाकड्या आक्रसल्या, कडा काळ्या पडल्या, स्वयंपाकघर धुराने भरलं. चौतीस वर्षं बेकन हाताळलेला माणूस हातात चिमटा धरून नुसता बघत राहिला. दादाने बाईंकडे पाहिलं. बघा, मी म्हणत नव्हतो, असं ते पाहणं होतं.

मी गॅस बंद केला. "बाबा, हे काय केलंत?"

"आधी लावला ना," ते हळू आवाजात म्हणाले. "विसरलो नाही. तू बघितलंस ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दादासमोर जाऊन उभी राहिले. "झालं समाधान? ज्या गोष्टीत त्यांचा हात कोणी धरत नव्हता, तीच त्यांनी तुझ्यासाठी मुद्दाम चुकीची केली! तू त्यांना शहाणं ठरवावंस म्हणून! पट्ट्या थंड तव्यातच मांडतात, दादा. गॅस नंतर लावतात. तुझ्या जन्माआधीपासून या घरात असंच चाललंय."

"हे तू आत्ता रचतेस," तो म्हणाला.

तेवढ्यात वहिनी बोलल्या. मान खाली घालूनच बोलल्या. "नाही, थंड तव्यातच सुरू करायचं असतं. आमच्या वर्गात पहिल्याच धड्यात होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू कधी स्वयंपाकघरात आलास?"

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. खरं तर वहिनींनाही मी विचारू शकले असते, की बाई गं, यादी तयार होत होती तेव्हा तुमचा पहिला धडा कुठे गेला होता? पण म्हटलं, राहू दे. वेळेवर नाही, तरी बोलल्या.

बाबा म्हणाले, "जाऊ दे आता. बाईंना उशीर होतोय." बाई म्हणाल्या, त्यांना मुळीच उशीर होत नाही. मी करपलेलं काढून टाकलं, तवा पुसला आणि गार व्हायला खिडकीत ठेवला. अर्धा तास आम्ही पाच जण त्या तव्याकडे बघत बसलो. मग मी तो थंड तवा शेगडीवर ठेवला आणि पट्ट्या मांडायला लागले. बाबा लांब उभे होते. तिसऱ्या पट्टीला त्यांना राहवलं नाही.

"अगं, एकमेकींवर चढवू नकोस," म्हणाले आणि चिमटा माझ्या हातातून काढून घेतला.

त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. पट्ट्या तशाच ठेवून त्यांनी कोबी चिरला, कांदा चिरला, मशरूम पुसून घेतले. घड्याळाकडे पाहिलंही नाही. मध्येच बोटाने एक पट्टी चाचपली आणि मग गॅस लावला, अगदी बारीक. चरबी सुटली, पट्ट्या काढून ठेवल्या, त्याच चरबीत कोबी तांबूस केला, शेवटी अंडी फोडली. फॉर्मवाल्या बाई खुर्ची ओढून शेगडीजवळ आल्या होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी फॉर्म काढला आणि म्हणाल्या, "काका, विचारायला हवं म्हणून विचारते. गॅस पेटवायला विसरता का?"

बाबांनी दादाकडे पाहिलं. मग बाईंकडे. "वीस मिनिटं विसरतो," म्हणाले. "रोज."

बाई खळखळून हसल्या आणि फॉर्म तसाच पिशवीत गेला. वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही. दादाने माफी मागितली नाही. त्याने कोबी दुसऱ्यांदा वाढून घेतला, त्याच्या मते तीच माफी. लोक मला म्हणतात, शेगडी राहिली ना, मग आता कशाला धुसफुसतेस? भाऊच आहे तो. काळजीपोटी केलं असेल.

गेल्या रविवारी मी बाबांकडे गेले. दाराशी पोचले आणि किल्ली लावणार, तोच आतून त्यांचा आवाज आला. मला वाटलं, कोणीतरी आलंय.

"पट्ट्या मांडल्या," ते म्हणत होते. "गॅस बंद आहे." मग थोडं थांबून, आणखी स्पष्ट, "बंद आहे, पण मुद्दाम."

मी आत गेले. घरात ते एकटेच होते.